चेंडूवर बल कोणी लावलं?

ताई, तुमची मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीत आहे. न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणते, चाचणीत मार्कही चांगले पडतात. पण वर उडवलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल असतं, असं विचारलं की 'हाताचं' म्हणते. म्हणून तुम्ही विचारताय, की तिला पूर्ण इंग्रजी माध्यमात घालावं की सगळं मराठीतून शिकवावं?

माध्यम बदलू नका. नाशिकमध्ये अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी २६ वर्षं गेली. 'हाताचं' हे उत्तर मी मराठी, सेमी आणि इंग्रजी, तिन्हीकडच्या मुलांकडून ऐकलंय. आपण घरात बोलतोच तसं: 'जोर होता तोवर चेंडू वर गेला, जोर संपला तसा खाली आला.' या वाक्यात जोर म्हणजे चेंडूच्या पोटात भरलेली वस्तू आहे, टाकीतल्या पेट्रोलसारखी. मुलगी 'जोर' खोडून तिथे 'बल' नाहीतर 'फोर्स' लिहिते. शब्द पुस्तकातला, वाक्य मात्र घरचंच.

हा गोंधळ तिच्या एकटीचा नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवर प्रबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात ऊर्जेसाठी 'क्राफ्ट' हा शब्द आहे. जर्मनमध्ये बलालाही क्राफ्टच म्हणतात. न्यूटनच्या नियमांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनीसुद्धा एकाच शब्दात दोन कल्पना नांदत होत्या. नववीतल्या मुलीला त्या वेगळ्या करायला वेळ लागणारच, आणि तो आपण तिला द्यायला हवा.

माझ्या वर्गात एक नियम आहे. 'बल' म्हटलं की वाक्यात एक 'ने', एक 'वर' आणि एक 'आत्ता' आलाच पाहिजे. 'पृथ्वीने चेंडूवर आत्ता बल लावलंय', हे चाललं. 'हवेने चेंडूवर', तेही चाललं. 'हाताने चेंडूवर आत्ता...' इथे मूल आपणहून थांबतं, कारण हात तर केव्हाच खाली राहिला. मग हळूच विचारायचं, की चेंडूत तुला जे 'आहे' असं वाटतं ते काय? तो त्याचा वेग. वस्तुमानाने गुणलं की संवेग. तिच्या 'जोरा'ला हक्काची जागा मिळाली. ही पायरी कृपा करून गाळू नका. नुसतं 'चूक' म्हटलं तर उत्तर परीक्षेपुरतं बदलतं, जोर मनात तसाच राहतो.

या 'ने' आणि 'वर'चा आणखी एक फायदा न्यूटनच्या तिसऱ्या नियमात होतो: प्रत्येक बलाला तेवढंच, उलट्या दिशेचं जोडीचं बल असतं. जोडी हवी असेल तर 'ने' आणि 'वर' यांची अदलाबदल करायची. पृथ्वीने पुस्तकावर, म्हणून पुस्तकाने पृथ्वीवर. टेबल पुस्तकाला वर ढकलतं ती वजनाची प्रतिक्रिया, असं बारावीची हुशार मुलंही लिहितात. पण या अदलाबदलीत टेबल येतच नाही. टेबलाची जोडी वेगळी: टेबलाने पुस्तकावर, पुस्तकाने टेबलावर.

बसचं उदाहरण तर रोजचं. नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला ब्रेक लागला की आपण म्हणतो, 'सगळे पुढे फेकले गेले.' कोणी फेकले? 'ने' शोधूनही सापडत नाही. तेव्हा वाक्यच बदलायचं: 'बस थांबली, माणसं पुढे जातच राहिली.' पाय बसच्या तळाशी घर्षणाने थांबले, वरचं अंग थांबलं नाही. हे जडत्व. (हा शब्दही जपून वापरा, मुलं त्यातून फक्त 'जड' ऐकतात आणि थांबलेल्या वस्तूपुरतंच जडत्व असतं असं समजतात.)

इंग्रजी संज्ञा कोऱ्या असतात, त्यामुळे गोंधळ होत नाही, असं काही शिक्षक म्हणतात. मला ते पटत नाही. 'आज नळाला फोर्स नाही' हे नाशकात गंगापूर रोडपासून सातपूरपर्यंत घरोघरी ऐकू येतं. चष्म्याची पॉवर, मोटरचा करंट, सगळेच शब्द आधीच वापरलेले आहेत. आणि सुरगाणा-पेठच्या आदिवासी भागातून किंवा अहिराणी बोलणाऱ्या बागलाणातून आलेल्या कित्येक मुलांसाठी पुस्तकी मराठीसुद्धा घरची भाषा नसते.

एकदा निफाडकडच्या एका मुलाने विचारलं, 'सर, थंडी पडली की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात ते कळतं, पण रात्री पाणी का देतात? पाण्याने थंडी वाढेल ना?' आपल्या बोलण्यात थंडी 'पडते', 'आत येते', जणू ती बाहेरून येणारी वस्तू आहे. मी त्याला सांगितलं, येत काहीच नाही, जमिनीची आणि वेलींची उष्णता जाते. आता तेच तू पाण्याबद्दल बोल. तो बोलत गेला: विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार, ते थंड होताना उष्णता देणार, म्हणजे पाणीही शेकोटीचंच काम करतंय. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड झालं की एक कॅलरी सुटते, हे मी त्यानंतर सांगितलं. 'विशिष्ट उष्मा धारकता' हा शब्द आणि त्याचं इंग्रजी नाव फळ्यावर आलं ते सगळ्यात शेवटी.

तुमच्या मुलीसोबत हाच क्रम ठेवा: आधी तिच्या बोलीत घटना, मग मराठी संज्ञा, मग परीक्षेला लागणारी इंग्रजी. गणितं काही दिवस बाजूला राहू द्या. संध्याकाळी कॅरम मांडा आणि स्ट्रायकरपासून सुटून घसरत चाललेल्या सोंगटीवर आत्ता कोणाकोणाने बल लावलंय, ते तिला मोठ्याने सांगू द्या. ती आधी 'स्ट्रायकरने' म्हणेल. तुम्ही फक्त 'आत्ता?' एवढं विचारा आणि थांबा. 'बोर्डाने' हा शब्द तिच्या तोंडून आला की घर्षण तिला तिचं तिने सापडलेलं असेल.