एकच मैत्रीण होती, ती पण सुरतला गेली

ह्या वेळी तीन पत्रं मुलांच्या मित्रमैत्रिणींबद्दलची आलीत म्हणून ती एकत्रच घेतेय. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीय कारण हाच प्रश्न मला भाजीच्या लारीपाशी उभं असताना सुद्धा आया विचारतात.

प्रश्न : बाई, आम्ही बडोद्यात कारेलीबागला राहतो. माझी मुलगी ९ वर्षांची, चौथीत आहे. आमच्याच सोसायटीत तिची एक मैत्रीण होती, बालमंदिरापासून दोघी सोबत, शाळेची व्हॅन पण एकच. उन्हाळ्याच्या वेकेशनमध्ये तिच्या पप्पांची सुरतला बदली झाली. तेव्हापासून ही संध्याकाळी खाली कॉमन प्लॉटमध्ये जातच नाही, रिसेसमध्ये एकटी बसून डबा खाते. सगळे म्हणतात हिला ग्रुपमध्ये मिसळायची सवय लावा, म्हणून स्केटिंग आणि डान्स दोन्ही लावलं, पण दोन्हीकडे कोपऱ्यात उभी असते. माझं चुकलं का, एकाच मैत्रिणीला चिकटून राहू द्यायला नको होतं का?

उत्तर : नाही हो, काही चुकलं नाही. ज्या मुलीने पाच वर्षं एक मैत्री सांभाळली तिला मैत्री करता येते, हे आधी मनात पक्कं करा. आत्ता जे चाललंय ते दुःख आहे, आपण मोठी माणसं लहान मुलांच्या बाबतीत त्याला दुःख म्हणत नाही, "दुसरी मिळेल गं" म्हणतो आणि कामाला लागतो, तेवढं मात्र म्हणू नका. हॅरी स्टॅक सलिव्हन नावाचे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांचे विचार त्यांच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये पुस्तकरूपाने आले, त्यात ते म्हणतात की अगदी लहानपणी खेळायला कोणीही चालतं पण साधारण साडेआठ ते दहाच्या वयात मुलाला एक जिवाभावाचा सोबती लागतो, आणि दुसऱ्याचं सुख आपल्या सुखाइतकंच मोठं वाटणं मूल इथे पहिल्यांदा शिकतं. तुमची मुलगी नेमकी ह्याच वयात आहे आणि तिची नेमकी तीच व्यक्ती गेली.

आता ग्रुपबद्दल. वर्गात सगळ्यांना आवडणं ही एक गोष्ट आणि आपलं म्हणावं असं एक माणूस असणं ही दुसरी, आपण दोन्ही एकात मोजतो. मॉन्ट्रियलमध्ये पाचवी सहावीच्या १०३ मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०११ मध्ये छापून आला. मुलांनी चार दिवस आपल्याबरोबर काय काय झालं ते वहीत लिहायचं, तेव्हा जवळ कोण होतं ते पण, आणि मधेमधे लाळेचा नमुना द्यायचा, कारण ताण आला की शरीरात वाढणारं कॉर्टिसोल लाळेत सापडतं. काही वाईट घडलं तेव्हा सर्वात जवळचा मित्र सोबत नसेल तर कॉर्टिसोल चढायचं आणि मुलाला स्वतःबद्दल कमीपणा वाटायचा, मित्र सोबत असेल तर हे दोन्ही फारसं व्हायचं नाही. एक माणूस जवळ असण्याने एवढा फरक पडतो. म्हणून माझं मत विचाराल तर एक क्लास बंद करा, दोन्ही केले तरी चालतील, आणि ती संध्याकाळ मोकळी ठेवा. क्लासमध्ये मुलं एका ओळीत उभी असतात, शिकवणाऱ्याकडे बघतात, मैत्री व्हायला लागते ती रिकामी वेळ तिथे नसते.

एक काम मात्र आधी करा, क्लास टीचरना भेटून विचारा की मुलं हिला दूर ढकलतात की हिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. ह्या दोन गोष्टी अगदी वेगळ्या. मुलांना "तुला कोण आवडतं, कोण आवडत नाही" विचारून वर्गाचा नकाशा काढायची एक पद्धत आहे, १९८२ मध्ये कोई आणि डॉज ह्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यासोबत तिच्यातून हा फरक दाखवला, म्हणजे काही मुलं बऱ्याच जणांना नकोशी असतात आणि काहींचं नाव कोणी चांगलं पण घेत नाही, वाईट पण घेत नाही. नुसती दुर्लक्षित राहिलेली मुलं नव्या गटात गेली की बऱ्याचदा खुलतात. पण वर्गाला मूल नकोसं झालं असेल, चिडवणं किंवा मारणं चालू असेल, तर ते मुलीवर सोडायचं नाही, शाळेशी बोलायचं आणि गरज पडली तर काउन्सेलरशी पण.

तुमच्या पत्रावरून मला मुलं हिला दूर ढकलतायत असं वाटत नाही. तर मग खेळात शिरायचं कसं, हे तिला घरी दाखवता येतं. आपण मुलांना शिकवतो की जाऊन विचार, "मला घेता का?", आणि त्याचं उत्तर "नाही" हे अगदी सोपं असतं. खेळात सहज शिरणारी मुलं असं करत नाहीत. आधी जवळ उभी राहून बघतात काय चाललंय, मग तेच करायला लागतात, चेंडू लांब गेला तर आणून देतात, स्वतःबद्दल काही सांगत नाहीत, नियम बदला म्हणत नाहीत, आणि थोड्या वेळात खेळात असतात. मी बालमंदिरात इतकी वर्षं हेच बघितलं. म्हणून कोपऱ्यात उभं राहून बघते ह्याची काळजी करू नका, ती पहिली पायरी पण असू शकते.

आणि शनिवारी एका मुलीला घरी बोलवा. एकच, आणि पुढच्या शनिवारी पण तिलाच. हातात काहीतरी काम द्या, भेळ करायची, पतंगांना किन्ना बांधायच्या, कारण नुसतं समोरासमोर बसवलं की मुलं गप्प होतात. भांडण होईल, होऊ द्या, लागण्यासारखं काही नसेल तर स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नका. पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या पुस्तकात स्वित्झर्लंडमधल्या मुलांचे गोट्यांचे खेळ तपासले होते, त्याचं म्हणणं होतं की मोठ्यांनी दिलेला नियम मूल वरून आलेला म्हणून पाळतं, आणि बरोबरीच्या मुलांशी घासाघीस करताना त्याला कळतं की नियम आपणच सगळ्यांनी मिळून ठरवायचा असतो. आई मध्ये पडली की ती घासाघीस थांबते.

सुरतची मैत्रीण तोडू नका हं. ट्रेनने दोन तासांवर तर आहे. रविवारी व्हिडिओ कॉल, आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस तिला गच्चीवर बोलवा, १४ ला आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायणला पण, नवी मैत्रीण पण येऊ दे, फिरकी कोण धरणार ते त्या तिघी बघून घेतील.

प्रश्न : मांजलपूरहून लिहितोय. मुलगा १४ चा. घरी शांत, अभ्यासात बरा, पण मित्रांबरोबर एका ॲक्टिव्हावर तिघं बसून हेल्मेट न घालता फिरताना माझ्या भावाने पाहिलं. हे मित्र त्याला बिघडवतायत, मैत्री बंद करून टाकू का?

उत्तर : मित्र बंद करू नका, चावी बंद करा, आणि आजच करा. मुलगा घरी एक आणि बाहेर एक असा खोटा वागत नाहीये. २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग ह्यांनी ३०६ जणांना गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळायला दिला होता, काहींना एकट्याने, काहींना दोन ओळखीचे सोबत बसलेले असताना. मोठ्या माणसांना सोबतीने फारसा फरक पडला नाही, १३ ते १६ च्या मुलांनी मात्र मित्र बघत असताना बराच जास्त धोका पत्करला. म्हणजे समोर कोण बसलंय त्यावर तोच मुलगा बदलतो, आणि त्याचे मित्र पण त्यांच्या घरी शांतच असतील. तिघांच्या आईवडिलांनी एकत्र बसून ठरवा. कायदा पण सांगून ठेवते, १८ च्या आतल्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. मित्रांना मात्र घरी येऊ द्या, क्रिकेटची मॅच तुमच्या हॉलमध्ये बघू द्या. मुलं कोण आहेत ते तुम्हाला त्यातूनच कळेल.

प्रश्न : बाई, मी दांडिया बाजारचा, वय ७४. नातू ७ वर्षांचा. आम्ही घरात सगळे मराठी बोलतो, तो उत्तर गुजरातीत देतो, नाहीतर हिंदीत. मित्रांमुळे मराठी गेली. त्याला ह्या मुलांपासून थोडं दूर ठेवावं का?

उत्तर : आजोबा, तुमचं पत्र दोनदा वाचलं, ह्यात किती जीव अडकलाय ते कळतं, आमच्याही घरात हेच झालंय. मूल ज्यांच्याशी खेळतं त्यांची भाषा उचलतं, जगात सगळीकडे परगावाहून आलेल्या कुटुंबांची मुलं आईबापांच्या उच्चाराने बोलत नाहीत, शेजारच्या मुलांच्या उच्चाराने बोलतात. जुडिथ रिच हॅरिस ह्या अमेरिकन बाईंनी १९९५ मध्ये ह्याच मुद्द्यावर जोर देऊन म्हटलं की मुलांना घराबाहेरचा मुलांचा गट घडवतो, आईबापांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी आहे. मला ते सगळं पटत नाही, घरातल्या मायेचं मोल त्या फार कमी करतात, पण भाषेच्या बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

म्हणून मित्र तोडलेत तर नातू एकटा पडेल आणि मराठी मात्र येणार नाही, वर मराठी म्हणजे मित्र हिरावणारी भाषा असं डोक्यात बसेल. त्याला मराठी बोलणारं एक मूल हवंय, मोठं माणूस नव्हे. तुमच्या भागात गणपतीत मराठी मुलं जमतात, त्यातला त्याच्या वयाचा एक शोधा आणि दहा दिवसांनंतर पण त्याचं येणंजाणं चालू राहील असं बघा. वेकेशनमध्ये पुण्या-नाशिककडचं कोणी मामेभाऊ आतेभाऊ असेल तर महिनाभर आणून ठेवा, आठ दिवसांत दोघं मराठीत भांडायला लागतील. तो गुजरातीत बोलला तर रागावू नका, तुम्ही मराठीतच उत्तर देत रहा. आणि त्याच्या गुजराती मित्रांना पण घरी बोलवून तुमच्या लहानपणच्या गोष्टी मराठीत सांगा, आमच्या पोळातली, म्हणजे जुन्या गल्लीतली, गुजराती मुलं अशीच मराठी शिकली होती.