वाचकांचे प्रश्न : पहिला आकडा कोणी बोलावा, किती बोलावा?

प्रश्न : वापरलेली गाडी विकायची आहे. भाव आधी मी सांगावा की गिऱ्हाइकाला बोलू द्यावे? आधी बोलणारा फसतो, असेच सगळे सांगतात.

उत्तर : गाडीचा चालू भाव तुम्ही नीट काढला असेल तर आधी तुम्हीच बोला. कानावर पडलेला पहिला आकडा पुढच्या अंदाजांना आपल्याकडे ओढतो. ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचे चक्र फिरवायचे आणि मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांतले किती टक्के देश आफ्रिकेतले आहेत? चक्रावर १० आलेल्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ६५ आलेल्यांचा ४५. चक्राचा आणि देशांचा काडीचाही संबंध नव्हता. जाणकारही यातून सुटत नाहीत. १९८७ मधल्या एका अभ्यासात घर-जमिनीच्या दलालांना एकच घर दाखवले, पण मालकाची मागणी वेगवेगळी सांगितली. दलालांनी केलेले मूल्यांकन मागणीप्रमाणे वरखाली झाले, आणि मागणीचा आपण विचार केला असे त्यांच्यातल्या फार थोड्यांनी कबूल केले.

आधी बोलणारा फसतो तो एका ठिकाणी : वस्तूची किंमत समोरच्याला तुमच्यापेक्षा जास्त कळत असते तिथे. वारशाने आलेले जुने चित्र जाणकार व्यापाऱ्याला विकताना तुम्ही बोललेला आकडा त्याच्या तयारीच्या निम्मा असू शकतो, आणि ते तुम्हाला कधीच कळणार नाही. अशा वेळी आधी दोन-तीन ठिकाणी विचारपूस करा. ती जमत नसेल तर त्याला बोलू द्या.

प्रश्न : मग मागणी किती वाढवून सांगायची? जास्त सांगितली तर गिऱ्हाईक उठून जाते, कमी सांगितली तर हळहळ वाटते.

उत्तर : बोलणी सुरू होण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा. पहिला, ज्याच्या खाली सौदा करायचाच नाही. हा मनाने ठरवू नका. दुसरे गिऱ्हाईक किंवा दुसरा मार्ग तुम्हाला जे मिळवून देईल, तोच हा आकडा. दुसरा, तुम्हाला मिळायला हवी ती रक्कम. तिसरा, समोरचा बहुधा कुठून सुरुवात करील त्याचा अंदाज.

घासाघीस पुष्कळदा दोन्ही पहिल्या आकड्यांच्या मधोमध येऊन थांबते. म्हणून हिशेब सोपा आहे : हव्या रकमेची दुप्पट करा, त्यातून समोरच्याची अपेक्षित बोली वजा करा. तुम्हाला ९५ हवे आहेत आणि तो ८० पासून सुरू करील असे वाटते, तर १९० वजा ८०, म्हणजे ११० सांगा. १०० च सांगितले तर मध्य ९० वर येतो. पाच तिथेच गेले.

आता या ११० ला कसोटी लावा. 'कशावरून?' असे विचारल्यावर एका-दोन वाक्यांत खरे कारण देता येते का? कमी चाललेली गाडी, नुकतेच बदललेले टायर, तशाच गाडीला आलेला भाव. कारण सांगता येईना तर सांगता येईल तिथपर्यंत आकडा खाली आणा. लोक आकडा मोठा म्हणून उठत नाहीत, बिनबुडाचा वाटला की उठतात.

खरे नुकसान पुढच्या अर्ध्या मिनिटात होते. विक्रेता ११० सांगतो, समोरचा गप्प बसतो, ती शांतता सहन न होऊन विक्रेता स्वतःच म्हणतो, 'बरं, १०० द्या.' आपल्याच आकड्यावर आपणच बोली लावली. आकडा आणि कारण सांगून झाले की थांबा. समोरून बोली येईपर्यंत खाली उतरायचे नाही. उतरताना पायऱ्या लहान होत जाऊ द्या : ११०, १०३, ९९, ९७. शेवटची पायरी मोठी पडली तर अजून जागा आहे असाच अर्थ निघतो.

प्रश्न : समोरच्यानेच आधी भलताच कमी आकडा टाकला तर?

उत्तर : तो आकडा स्वतःच्या तोंडाने उच्चारू नका. '६० ला कसं परवडेल?' म्हटले की पुढचे सगळे बोलणे ६० भोवती फिरते. 'कसे काय काढलेत?' असेही विचारू नका. कारणे सांगता सांगता त्याची पकड घट्ट होते. 'या आकड्यावरून बोलणं पुढे जाणार नाही' एवढेच म्हणा आणि लगेच तुमचे ११० कारणासकट मांडा. गॅलिन्स्की आणि मुसवायलर या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ च्या प्रयोगांत, स्वतःच्या लक्ष्यावर किंवा समोरच्याच्या पर्यायांवर लक्ष ठेवणाऱ्यांवर त्याच्या पहिल्या आकड्याचा प्रभाव टिकला नाही. म्हणूनच तो कागद जवळ हवा. रागाने १६० म्हणू नका. 'मधोमध भेटू' हा समजूतदार वाटणारा प्रस्ताव तर इथे सापळाच आहे : ६० आणि ११० चा मध्य ८५ होतो.

प्रश्न : मुलाखतीत अपेक्षित पगार विचारतात. 'इतके ते इतके' असे सांगावे का?

उत्तर : चालेल, पण खालचा आकडा हाच तुमचा हवा असलेला आकडा ठेवा. १०० हवे असतील तर '१०० ते ११५'. '९० ते ११०' म्हणणाऱ्याचे ९० तेवढे ऐकले जाते.

प्रश्न : माझा पहिलाच भाव समोरच्याने लगेच मान्य केला. आता वाढवून मागता येईल?

उत्तर : नाही. शब्द गेला. मात्र तुम्ही खरेदीदार असाल तेव्हा हे उलटे लक्षात ठेवा : भाव पसंत असला तरी तत्काळ 'हो' म्हणू नका. कागदपत्रे, ताबा कधी, पैसे कसे, एवढे तरी विचारा. विक्रेत्याला स्वस्तात दिल्यासारखे वाटले की तो पुढच्या गोष्टींत अडून बसतो.

प्रश्न : हे नाटक कशाला? रास्त आकडा एकदाच सांगून विषय संपवला तर?

उत्तर : जनरल इलेक्ट्रिकचे अधिकारी लेम्युएल बुलवेअर यांनी कामगार संघटनांशी हेच धोरण चालवले. अभ्यास करून एकच प्रस्ताव ठेवायचा आणि त्यावर ठाम राहायचे. १९६० च्या करारावरून वाद झाला आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने कंपनीने सद्भावनेने वाटाघाटी केल्या नाहीत, असा निर्णय दिला. दोघांतल्या सौद्यात कायदा आड येत नाही, पण समोरच्यालाही आपण काहीतरी मिळवले असे वाटावे लागते. आकडा हलवायचाच नसेल तर तुमच्या दृष्टीने सारख्याच मोलाचे तीन प्रस्ताव एकदम ठेवा : आज पूर्ण पैसे आणि ९५, दोन हप्ते आणि ९८, किंवा दुरुस्ती करून देऊन १०२. तो कोणता निवडतो त्यावरून त्याची खरी अडचण रोख पैशाची आहे की गाडीबद्दलच्या भरवशाची, हेही कळते.