गोदाकाठी पूर ओसरला, पण आईचं डोकं रोज दुखतंय. काय करावं?

बहुतेकदा हे जागरण, धसका आणि उपाशीपोटी चिखल उपसण्याचं दुखणं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुरात बुडाली, त्यानंतर आमच्या गल्लीत घरोघरी हेच गाऱ्हाणं होतं. आईंना पोटभर पाणी, जेवण आणि झोप मिळू द्या. बीपीच्या गोळ्या पुरात वाहून गेल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारून त्या सुरू करा, हे हमखास राहून जातं. मात्र ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे असतील तर लेप्टोस्पायरोसिस (पुराच्या घाण पाण्या-चिखलातून होणारा संसर्ग) असू शकतो; त्याच दिवशी सिव्हिलमध्ये न्या, चिखलात वावरल्याचंही सांगा. आणि घरात जनरेटर अजिबात लावू नका! त्याच्या धुरानं आधी डोकं दुखतं, मग जीवावर बेततं.