स्कोअर वाढवायचाय, तर कार्ड बंद करू नका. पैसे भरण्याची वेळ बदला

तुमचं पत्र थोडक्यात असं: हातात येणारा पगार ४८,००० रुपये, राहणं आई-वडिलांच्या घरी. एकच क्रेडिट कार्ड, लिमिट ५०,०००. किराणा, पेट्रोल, वडिलांची औषधं, ऑनलाइन खरेदी मिळून महिन्याला साधारण ३४,००० कार्डावरून जातात. बिल १८ तारखेला तयार होतं, ड्यू डेट ७. तुम्ही १ तारखेला पगार झाला की पूर्ण बिल भरता. गेल्या वर्षी नोकरी बदलताना दोनदा उशीर झाला. सिबिल स्कोअर (कर्ज आणि कार्ड फेडण्याच्या सवयीवरून मिळणारे गुण) ७१२. दहा महिन्यांनी २८ लाखांच्या फ्लॅटसाठी गृहकर्ज घ्यायचंय, शिल्लक चार लाख. घरचे म्हणतात कार्ड बंद कर, ऑफिसातला मित्र म्हणतो पूर्ण बिल न भरता मिनिमम भर म्हणजे स्कोअर वाढतो, बँकेचा माणूस म्हणतो एफडीवर दुसरं कार्ड घ्या.

तिघांचंही ऐकू नका. मित्राचं तर अजिबातच नाही. बाकी ठेवल्याने स्कोअर वाढतो हा समज फार पसरलेला आहे आणि तो पूर्ण चुकीचा आहे. ३४,००० च्या बिलावर ५ टक्के मिनिमम धरला तर तुम्ही १,७०० भराल. उरलेल्या ३२,३०० वर महिना साडेतीन टक्के दराने व्याज १,१३० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,३३४ रुपये. भरलेल्यातले जेमतेम ३७० मुद्दलात गेले. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, त्यामुळे आकडा याहून मोठाच येतो. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते; दुसऱ्या दिवशी घेतलेल्या भाजीवरही व्याज सुरू. आणि एवढं सोसून स्कोअरच्या दृष्टीने पदरात काय पडतं, तर वाढलेली बाकी.

तुमचा खरा अडसर इथेच आहे. स्कोअर काढताना लिमिटपैकी किती टक्के रक्कम वापरात दिसते हे पाहिलं जातं. ती ३० टक्क्यांच्या आत ठेवावी हा सर्वसाधारण आडाखा. तुमच्या लिमिटवर ती रेषा १५,००० ची. तुम्ही बिल पूर्ण भरता, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं तुम्हाला वाटतं. पण क्रेडिट ब्यूरोकडे (सिबिलसारख्या, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे) बाकीचा आकडा जातो तेव्हा तुम्ही पैसे अजून भरलेलेच नसतात. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्यातून किमान दोनदा, महिनाअखेरची धरून, कळवावी लागते. महिनाअखेरीला तुमच्या कार्डावर काय असतं? १८ तारखेचं ३४,००० चं न भरलेलं बिल आणि १९ पासूनचा सुमारे १४,००० चा नवा खर्च. ५०,००० पैकी ४८,०००. महिन्याच्या मध्यावर, १५ तारखेला, बिल भरून झाल्यावरही, नव्या खर्चाचे जवळपास ३०,००० उभे असतात. एक पैसा व्याज न देणारा माणूस अहवालात मात्र लिमिटला टेकलेला दिसतो.

उपाय सोपा आहे, पण पहिल्या महिन्यात त्याला थोडा पैसा लागतो. तुम्ही सध्या एक महिना मागे चालताय: या महिन्याचा पगार मागच्या खर्चाला जातो. हे अंतर एकदाच मिटवायचं. १ तारखेला नेहमीप्रमाणे बिल भरा आणि त्याच दिवशी नंतरच्या खर्चाची जी बाकी दिसेल तीही शिलकीतून भरून कार्ड शून्यावर आणा. मग दर रविवारी ॲपमध्ये बाकी बघून तेवढी रक्कम भरून टाका. आठवड्याला आठ-साडेआठ हजार होतील, म्हणजे कुठल्याही तारखेचा आकडा कळवला तरी वापर १७ टक्क्यांच्या आसपास. पगारातले उरणारे १४,००० आधी वापरले, तर महिन्याभरात शिलकीतून जास्तीत जास्त ३४,००० हलतील. ही उधळपट्टी नव्हे, बचत खात्यावरच्या त्या रकमेचं बुडणारं व्याज महिन्याला शंभर रुपयांच्याही आत आहे.

ऑटो-पे (खात्यातून आपोआप बिल भरण्याची सोय) मात्र सुरू ठेवा, आणि त्यात ‘टोटल ड्यू’ निवडलंय ना ते स्वतः उघडून बघा. बऱ्याच जणांकडे तिथे ‘मिनिमम ड्यू’ राहून गेलेलं असतं. काही बँका मधे भरलेले पैसे वजा न करता बिलाची पूर्ण रक्कम ओढतात. तसं झालं तर जादा रक्कम कार्डावर जमा राहते, बुडत नाही. पण ७ तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात आठ-नऊ हजार जास्तीचे असू द्या, नाहीतर ऑटो-पे परत जाऊन बँक आणि कार्ड कंपनी, दोन्हीकडून दंड बसेल.

त्या दोन उशिरांबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ड्यू डेटनंतर तीन दिवसांपर्यंत कार्ड कंपनी उशिराचा दंड लावू शकत नाही आणि थकबाकीची नोंदही कळवू शकत नाही. चौथ्या दिवसापासून नोंद होते, आणि दिवस मूळ तारखेपासून मोजले जातात. म्हणून अहवालातल्या त्या दोन महिन्यांच्या चौकटीत किती दिवस लिहिलेत ते तपासा. आकडा खरा असेल तर तो कोणी पुसू शकत नाही. ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. सिबिलच्या अहवालात ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो, जुन्या उशिराचं वजन वेळेवर भरलेल्या प्रत्येक महिन्यागणिक हलकं होत जातं. आकडा चुकीचा असेल तर ब्यूरोच्या संकेतस्थळावर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यानंतर दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळते.

आता घरच्यांचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे. ज्याला पूर्ण बिल भरणं जमत नाही, त्याने कार्ड बंद करणंच बरं. तिथे स्कोअरपेक्षा घरखर्च महत्त्वाचा. तुम्ही मात्र भरताय. एकुलतं कार्ड बंद केलंत तर गृहकर्जाच्या तोंडावर तुमच्या नावावर एकही सुरू असलेलं कर्ज किंवा कार्ड उरणार नाही, आणि त्या दोन उशिरांवर नव्या चांगल्या नोंदींचा थर चढणंही थांबेल.

एफडीवरचं कार्ड चांगली सोय आहे, पण ज्याचा काहीच इतिहास नाही किंवा स्कोअर इतका पडलाय की साधं कार्ड मिळत नाही, त्याच्यासाठी. तुम्हाला ते घेऊन एक नवी चौकशी (बँकेने ब्यूरोकडे तुमचा अहवाल मागितल्याची नोंद), एक कोवळं खातं आणि अडकलेली एफडी मिळेल. कार्ड चालू असेपर्यंत ती एफडी मोडता येत नाही, आणि तुम्हाला तर दहा महिन्यांनी रोख पैसा लागणार आहे. त्याऐवजी सहा महिने वेळेवर भरल्यावर याच कार्डाचं लिमिट वाढवून मागा. लिमिट एक लाख झालं तर आठवड्याचा आठ हजारांचा खर्च आठ टक्क्यांवर येईल. मागण्याआधी एक विचारा: यासाठी ब्यूरोकडे नवी चौकशी टाकणार का? ‘हो’ म्हणाले तर सोडून द्या. कर्जाचा अर्ज करण्याआधीच्या तीन-चार महिन्यांत नवं कार्ड, मोबाइल हप्त्यावर, पर्सनल लोन, काहीही नको. मोठी खरेदी ईएमआयवर टाकली तर शिल्लक मुद्दल लिमिट अडवून ठेवतं आणि गृहकर्जाच्या हिशेबात तो हप्ताही धरला जातो.

स्कोअर नेमका किती वाढेल हे सांगणारा खोटं बोलतो, कारण ब्यूरो आपलं गणित उघड करत नाहीत. वापराची टक्केवारी घटल्याचा परिणाम मात्र एक-दोन महिन्यांत दिसू लागतो. सिबिलबरोबर एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क यांचेही अहवाल काढा. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. कर्ज देणारी बँक कोणता बघेल हे तुमच्या हातात नाही.

पण मला तुमच्या स्कोअरपेक्षा घराच्या हिशेबाची चिंता जास्त वाटते. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देते, म्हणजे २८ लाखांवर २५.२ लाख. तुमचे २.८ लाख. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर १.६८ लाख, नोंदणी फी २८,०००. हे दोन्ही कर्जात बसत नाहीत. बेरीज ४.७६ लाख, हातात चार. २५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे २१,७०० येतो, आणि कार्डाचे ३४,००० गेल्यावर तुमच्याकडे उरतात १४,०००. कार्डाचं अंतर मिटवल्यानंतरच्या पहिल्या पगारापासून २१,७०० रुपये त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि कार्डावरचा खर्च २६,००० वर आणा. सलग तीन महिने हे ओढाताण न होता जमलं, तरच फ्लॅटचं टोकन द्या.