वडिलांची आरएक्स शंभर: एफडी मोडू का?

गडहिंग्लजजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३३, हातात पडणारा पगार ३८,००० रुपये, घरात आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची जुलै १९९२ ची यामाहा आरएक्स १०० पडवीत उभी आहे. आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, मुदत जुलै २०२२ मध्ये संपली, पण वडिलांच्या आजारपणात नूतनीकरण राहून गेलं. एक गॅरेजवाला ‘नव्यासारखी करून देतो’ म्हणत ८५,००० मागतोय, त्यातले निम्मे आगाऊ. एक गिऱ्हाईक आहे तशी गाडी ४०,००० ला न्यायला तयार आहे. शिल्लक म्हणाल तर दीड लाखाची एफडी. प्रश्न दोन: एफडी मोडू का? आणि एवढ्या जुन्या गाडीचा जाणकार कुठे शोधू?

एफडी मोडू नका. गाडी मात्र ठेवा. पत्रात तुम्ही वडिलांबद्दल ज्या चार ओळी लिहिल्यात, त्या वाचून ‘विका’ असं सांगणं मला जमणार नाही. फक्त याला गुंतवणूक म्हणू नका. ‘आरएक्सचे भाव चढतायत’ हे मलाही ऐकू येतं, पण विकायचीच नाही त्या गाडीचा भाव चढून तुम्हाला काय मिळणार? हा हौसेचा खर्च आहे, आणि हौस पगारातून भागवायची असते. दीड लाख म्हणजे तुमचा जेमतेम चार महिन्यांचा पगार. आईचं एखादं आजारपण निघालं तर तेवढाच आधार आहे.

८५,००० च्या त्या आकड्यात कागदपत्रं धरलेलीच नाहीत. वीस वर्षांवरच्या दुचाकीला नूतनीकरणाची फी आता २,००० रुपये आहे. उशिराचा दंड महिन्याला ३००, म्हणजे चाळीस महिने धरले तर १२,०००. पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००. नवी नंबर प्लेट साधारण ५३० रुपये. नुसत्या कागदांचेच साडेसोळा हजार झाले, आणि दंडाचं मीटर अजून चालूच आहे. अर्ज करण्याआधी आरटीओच्या खिडकीवर नेमका आकडा विचारून घ्या. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो, त्यासोबत आईचं आणि भावंडं असतील तर त्यांचं संमतीपत्र जोडा. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून आधी ती चालती करायची. रंग, क्रोम, सीट सगळं शेवटी. मी स्वतः काकांच्या गाडीला हौसेने आधी रंग दिला, मग इंजिन उतरवताना टाकीवर पान्याचा ओरखडा आला. रंगाचे पैसे दोनदा गेले.

आता माणूस. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली, ९८ सीसी, टू-स्ट्रोक. आजच्या शोरूममधल्या पोरांनी असं इंजिन क्वचितच खोललेलं असतं. म्हणून उलटीकडून शोधा: आधी लेथवाला, मग मेकॅनिक. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर-होनिंग करणाऱ्यांना, म्हणजे इंजिनचा सिलिंडर आतून कातून गुळगुळीत करणाऱ्यांना विचारा, ‘आरएक्सचे ब्लॉक (सिलिंडर) तुमच्याकडे कोण आणतं?’ दोन-तीन जणांकडून एकच नाव निघालं तर तोच तुमचा माणूस.

त्याला विचारायचं ते असं. ब्लॉक कितव्या बोअरवर आहे, म्हणजे आतून किती वेळा कातून झालाय? मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी. पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेता येतो, शेवटची साइज झाली की स्लीव्ह (आतली नवी नळी) घालायची नाहीतर ब्लॉक बदलायचा, आणि खर्च तिथेच फुगतो. दुसरं, क्रँकचे (इंजिनमधल्या मुख्य फिरत्या दांड्याचे) ऑइल सील बदलणार का? ते गळके राहिले तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं) आणि नवा कोरा पिस्टनही जाम होतो. यावर जो ‘त्याची गरज नाही’ म्हणेल त्याला नमस्कार करून निघा. आरएक्स १३५ या मोठ्या इंजिनाच्या गाडीचा ब्लॉक बसवून देतो म्हणणाऱ्यालाही नकोच म्हणा. आरसीवरची सीसी आणि गाडीतली सीसी जुळली नाही तर विम्याच्या वेळी पंचाईत होते.

पार्ट कॅटलॉगची, म्हणजे सुट्या भागांच्या यादीची, प्रत मिळवा आणि पार्ट नंबर लिहूनच दुकानात जा. पुण्याच्या नाना पेठेत बरंच मिळतं. ‘जपान ओरिजिनल’ छापलेल्या खोक्याला मात्र भुलू नका. सुटे भाग स्वतः घ्या, बिल घ्या, मजुरी वेगळी ठरवा, जुने पार्ट परत मागा. निम्मे आगाऊ तर अजिबात नाही.

पैशांचं गणित सोपं आहे. दरमहा ६,००० बाजूला काढा. पहिल्या पाच-सहा महिन्यांत इंजिन, ब्रेक, वायरिंग. पुढच्या तीन-चार महिन्यांत आरसी. रंगाचं पुढच्या दिवाळीला बघू.

विम्याचं एक राहिलं. थर्ड पार्टीचा हप्ता ७१४ रुपये अधिक जीएसटी, पण त्यात चोरी येत नाही. जुन्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरते, तेव्हा चोरीसह विमा मिळतो का ते विचाराच. नाहीच मिळाला तर पडवीला जाळीचं दार आणि जाड साखळी, त्याचे तीन-चार हजार खर्चात धरा.