बाजारातून आणलेले बैल जप्त होऊन गोशाळेत गेले. परत कसे मिळवायचे?

प्रश्न : बीड जिल्ह्यात माझी साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे. आठवडी बाजारातून ९५ हजारांची बैलजोडी घेतली आणि बाजाराबाहेर एका शेतकऱ्याकडून १८ हजारांचा गोऱ्हा घेतला. भाड्याच्या पिकअपमधून गावाकडे येताना काही तरुणांनी गाडी अडवली व पोलिसांना बोलावले. माझ्यावर आणि चालकावर गुन्हा दाखल झाला, तिन्ही जनावरे गोशाळेत गेली. बैलजोडीची बाजार समितीची पावती आहे, गोऱ्ह्याची नाही. पशुवैद्यकाचा दाखला घेतला नव्हता. गोशाळा प्रत्येक जनावरामागे रोज २०० रुपये मागते. गाडीमालक म्हणतो, ‘गुन्हा कबूल करा, पन्नास रुपये दंड भरून मोकळे व्हा.’ पेरणी तोंडावर आली आहे. काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी एक गोष्ट. गुन्हा कबूल करू नका. गाडीमालक ज्या पन्नास रुपयांबद्दल बोलतो तो दंड प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मधला आहे. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. रक्कम किरकोळ आहे, म्हणून माणसे फसतात. याच कायद्याखाली २०१७ मध्ये केंद्राने जप्त जनावरांच्या देखभालीचे नियम केले. त्यांत असे आहे की आरोपी दोषी ठरला किंवा त्याने गुन्हा कबूल केला, तर जनावरांवरची त्याची मालकी जाते आणि ती ज्यांच्या ताब्यात आहेत त्या संस्थेकडेच राहतात. म्हणजे पन्नास रुपये भरून तुम्ही १ लाख १३ हजारांची जनावरे घालवून बसाल. शिवाय तुमच्यावर महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ चे कलम ५अ (कत्तलीसाठी वाहतुकीवरची बंदी) लावले असेल, तर त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड अशी आहे. खास कारण नसेल तर सहा महिन्यांपेक्षा कमी कैद देता येत नाही. तिथे पन्नास रुपयांत कोणी सुटत नाही.

एफआयआरची प्रत काढून आधी कलमे पाहा, कारण तुमच्या प्रकरणात दोन वेगळे आरोप एकत्र बांधलेले असणार. पहिला, जनावरे कत्तलीसाठी नेली जात होती (१९७६ चा कायदा). दुसरा, ती कोंबून, नियम मोडून नेली जात होती (१९६० चा कायदा). पहिल्या आरोपात तुमची बाजू भक्कम दिसते. दुसऱ्यात ती कच्ची आहे, हे तुम्ही मान्य करून चालायला हवे.

१९७६ च्या कायद्यात २०१५ ची दुरुस्ती होईपर्यंत राज्यात कत्तलीची सरसकट बंदी फक्त गाय आणि तिच्या वासरांपुरती होती. शेतीकामाला निरुपयोगी ठरलेल्या बैलासाठी दाखला मिळू शकत असे. दुरुस्तीनंतर बैल आणि वळूही बंदीत आले, आणि तेव्हापासून गाडीतला प्रत्येक बैल संशयाच्या नजरेने पाहिला जातो. पण कायद्याची बंदी कत्तलीसाठीच्या वाहतुकीवर आहे. शेतीसाठी बैल विकत घेणे आणि घरी नेणे पूर्वीइतकेच कायदेशीर आहे. हेतू सिद्ध करण्याचे ओझेही तुमच्यावर नाही. ते आरोपीवर टाकणारे कलम ९ब मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात घटनाबाह्य ठरवले.

तरी प्रत्यक्षात कागद तुम्हालाच गोळा करावे लागतील, कारण ताब्याचा अर्ज कागदांवरच ठरतो. सातबारा आणि ८-अ काढा. पीक पाहणीची नोंद असलेला सातबारा हवा. बाजार समितीची पावती आहेच, पण समितीकडे अर्ज करून त्यांच्या नोंदवहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीची साक्षांकित प्रतही घ्या. पावती बनावट आहे असा आक्षेप हमखास येतो, त्याला ही प्रत उत्तर देते. गाडी जिथे अडवली ते ठिकाण बाजार आणि तुमचे गाव यांच्या सरळ रस्त्यावर असेल, तर तसा नकाशा जोडा. जनावर घराच्या दिशेने चालले होते, या मुद्द्याला मोठे वजन आहे. पैसे मोबाइलवरून दिले असतील तर बँकेचा उतारा, रोख दिले असतील तर ते काढल्याची नोंद. गोऱ्हा विकणाऱ्या शेतकऱ्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि त्याचाही सातबारा जोडा.

जनावरांचे वय आणि खुणा या सर्वांत बोलका पुरावा असतात, आणि वकीलही त्याकडे दुर्लक्ष करतात. चारदाती, सहादाती बैल, खांद्यावर जुवाचा घट्टा, नाकात वेसण : असा जोड कोणी कत्तलीसाठी ९५ हजारांना घेत नाही. जप्तीनंतर सरकारी पशुवैद्यकाने तपासणी करून जनावरांची ओळख पटवणे २०१७ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या अहवालाची प्रत न्यायालयामार्फत मागा. त्यात दात, वजन, जखमा आणि कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक आहे का, ते पाहा. जखम नसल्याची नोंद असेल तर क्रूरतेच्या आरोपातली हवा निम्मी जाते.

आता कच्ची बाजू. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे प्रत्येक मोठ्या जनावराला किमान दोन चौरस मीटर जागा हवी. पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच फूट, म्हणजे सुमारे ४.६ चौरस मीटर असतो. त्यात दोन बैल मावतात; तुम्ही तीन जनावरे भरली, त्यांना सहा चौरस मीटर लागले असते. पशुवैद्यकाचा ‘प्रवासास योग्य’ दाखलाही नव्हता, आणि तो नसेल तर जनावर गाडीत घ्यायचेच नाही असे नियम सांगतो. ही जागा जनावर घसरू नये, वळणावर एकमेकांखाली तुडवले जाऊ नये म्हणून ठरलेली आहे. ती पाळायलाच हवी होती. पण या चुकीवर पडदा टाकण्यासाठी मागच्या तारखेचा दाखला कोणी देऊ केला तर घेऊ नका. दवाखान्याच्या नोंदवहीशी तारीख जुळत नाही, खोटेपणा उघड होतो, आणि मग खऱ्या पावतीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

जप्ती कोणी केली, तेही तपासा. १९७६ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे गाडी थांबवून झडती आणि जप्ती करण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या पोलिस अधिकाऱ्याला, अथवा राज्य सरकारने अधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या कुठल्याही तरुणांना तो नाही. पंचनाम्यावर सही कोणाची आहे, पंच म्हणून त्याच तरुणांची नावे आहेत का, हे टिपून ठेवा. मारहाण झाली असेल किंवा पैसे काढून घेतले असतील तर वेगळी लेखी तक्रार द्या.

ताब्यासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३ खाली अर्ज करायचा. ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४५१ आणि ४५७ कलमे. नव्या संहितेत मुदती आल्या आहेत, त्या अर्जात ठळक लिहा. मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत तिचे विवरण तयार करायचे, छायाचित्रे किंवा चित्रण करायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत ताब्याबाबत आदेश द्यायचा. छायाचित्रे पुरावा म्हणून चालतात, त्यामुळे बैल पुराव्यासाठी बांधून ठेवण्याचे कारण उरत नाही.

सरकारी वकील १९७६ च्या कायद्यातल्या कलम ८ च्या परंतुकावर (कलमाला जोडलेल्या अटीवर) बोट ठेवतील. खटला चालू असेपर्यंत जप्त जनावरे जवळच्या गोशाळेकडे किंवा पांजरपोळाकडे द्यावीत, असे त्यात आहे. हाच तुमच्यापुढचा खरा अडथळा आहे आणि यावर अर्ज फेटाळलेही जातात. उत्तर असे द्यायचे की हे परंतुक कत्तलीसाठीच्या वाहतुकीच्या जप्तीला लागू आहे, आणि इथे प्रथमदर्शनी तसा एकही पुरावा नाही : ना खाटीकखान्याकडे जाणारा रस्ता, ना कत्तलीसाठी घेणारा कोणी. क्रूरतेच्या आरोपापुरता सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा ‘पिंजरापोळ देवदर विरुद्ध चक्रम मोराजी नट’ हा निकाल तुमच्या बाजूने आहे. मालक ताबा मागत असताना पांजरपोळाला त्याच्यावर अग्रहक्क नाही. गुन्ह्याचे गांभीर्य, पहिलाच गुन्हा आहे का, जनावरांची जप्तीवेळची स्थिती आणि पुन्हा क्रूरता होण्याची शक्यता पाहून ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. मात्र तो निकाल केंद्रीय कायद्यावरचा आहे. एवढ्यावरच विसंबू नका, कत्तलीचा आरोप कागदांनी खोडणे आधी.

अर्जाबरोबर हमीपत्र द्या : खटला संपेपर्यंत विकणार नाही, बोलावल्यास हजर करीन, दर महिन्याला सरकारी पशुवैद्यकाकडून तपासून अहवाल दाखल करीन. गोठ्याची छायाचित्रे आणि चाऱ्याची सोयही दाखवा. चारशे किलोच्या बैलाला रोज आठ ते दहा किलो शुष्क पदार्थ लागतो. तेवढा कडबा आणि हिरवा चारा तुमच्याकडे आहे, हे आकड्यांत लिहिले की पुढच्या क्रूरतेची शंका फिटते. सक्षम जामीनदार तयार ठेवा.

गोशाळेच्या हिशेबाबद्दल. तीन जनावरांचे रोज ६०० म्हणजे सहा महिन्यांत १ लाख ८ हजार, जवळपास जनावरांची किंमतच. खर्चाची जबाबदारी कायद्याने आरोपीवर टाकली आहे खरी, पण ‘न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे’. गोशाळा स्वतः दर ठरवून तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. २०१७ च्या नियमांत रोजचा दर राज्य प्राणी कल्याण मंडळाने दरवर्षी ठरवायचा आहे, आणि देखभाल खर्चाच्या हमीसाठी द्यायच्या बंधपत्राची रक्कम दंडाधिकाऱ्यांनी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या माहितीवरून. हातात रोख देऊ नका; आदेश घ्या, न्यायालयातच भरा, पावती घ्या. बंधपत्राचा आदेश झाला तर मुदत फक्त तीन दिवसांची असते आणि ती चुकली तर जनावरे स्थानिक प्राधिकरणाकडे जमा होतात. ऐपत नसेल तर तसे लगेच लेखी सांगा. तो खर्च स्थानिक प्राधिकरणाने करावा आणि नंतर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावा, अशी तरतूद आहे. तीन दिवस गप्प बसणे सर्वांत महाग पडते. चांगल्या गोशाळा जिवापाड सांभाळतात, त्यांचा खर्च बुडावा असे माझे म्हणणे नाही. पण दर ठरवण्याचे काम सरकारी यंत्रणेचे आहे, आणि ती ते करत नाही तेव्हा भार लहान शेतकऱ्यावर पडतो. हा अन्याय आहे.

पहिल्याच तारखेला आणखी एक विनंती करा : जनावरे अन्यत्र हलवू नयेत, कोणाला देऊ नयेत, दगावल्यास शवविच्छेदन अहवाल दाखल करावा. वर्षभराने निर्दोष सुटलेल्या माणसाला आपले बैल सापडत नाहीत, असे घडते. अर्ज फेटाळला तर ९० दिवसांच्या आत सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३८ खाली पुनरीक्षण (आदेशाची फेरतपासणी), त्यानंतर उच्च न्यायालय.

१९७६ च्या कायद्याचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. अटक झाली नसेल तर सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागा (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८२). शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असल्याने त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, अटकेऐवजी पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस येऊ शकते. आली तर दिलेल्या दिवशी हजर राहाच. गाडीमालकाने गाडीसाठी वेगळा अर्ज करावा. खर्चासाठी गाडी तारण ठेवण्याची तरतूद असल्याने त्याचेही हित खटला लढण्यातच आहे.

ताब्याचा आदेश मिळाला की पशुवैद्यक किंवा पोलिस पाटलाला बरोबर घेऊन गोशाळेत जा. बिल्ल्याचा क्रमांक, रंग, शिंगे, दात जप्ती पंचनाम्याशी ताडून पाहा, आणि बदल किंवा आजार दिसला तर तो ताबा पावतीवर लिहूनच सही करा. आणताना दोनच बैल एका खेपेत, गोऱ्हा दुसऱ्या खेपेत; हौद्यात काथ्याची चटई, तोंड इंजिनाकडे, सोबत एक माणूस, पशुवैद्यकाचा दाखला आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत चालकाच्या खिशात. घरी आल्यावर त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन बिल्ल्याची नोंद तुमच्या नावावर करून घ्या.