युद्धातल्या सामूहिक कबरी उकरून, चौकशी करून हाती काय लागतं?

तुमचा प्रश्न असा : युद्धात कुठे सामूहिक कबर सापडली की लगेच 'स्वतंत्र चौकशी करा' म्हणून मागणी होते. गेलेली माणसं काही परत येत नाहीत, मग हाडं उकरून कोणाचं भलं होतं?

सगळ्यात आधी घरच्यांचं. ज्यांचा माणूस बेपत्ता आहे त्यांच्या लेखी तो गेलेला नसतोच. ना क्रियाकर्म होतं, ना वाट बघणं थांबतं. आपल्या माणसाचं काय झालं हे कळणं हा कुटुंबाचा हक्क आहे, असं जिनिव्हा करारांना (युद्धाचे आंतरराष्ट्रीय नियम) 1977 साली जोडलेल्या पहिल्या पूरक करारात स्पष्ट म्हटलंय. माझ्या मते चौकशीला एवढं एक कारणही पुरेसं आहे.

पण मागणी इतक्या घाईने का होते, ते वेगळं सांगायला हवं. कबर जागची हलवता येते, म्हणून.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून जास्त बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि पोरं मारली गेली आणि मोठमोठ्या खड्ड्यांत पुरली गेली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेत त्या भागाचे हवाई फोटो दाखवले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारणाऱ्यांनीच यंत्रं लावून ते खड्डे उपसले, प्रेतं ट्रकमध्ये भरली आणि दूर आडबाजूला नव्या खड्ड्यांत नेऊन टाकली. यंत्राच्या दातांनी देहांचे तुकडे झाले. पुढे एकेका माणसाची हाडं दोन-दोन, चार-चार कबरींतून गोळा करावी लागली. नातेवाइकांच्या रक्ताशी हाडांचा डीएनए जुळवत जवळपास सात हजार जणांची ओळख पटवली गेली, आणि त्याला वीस वर्षांहून जास्त काळ लागला.

तरीही माती बोलली. कोझ्लुकला माणसं मारली तिथे बाटल्या भरण्याच्या कारखान्याचा कचरा टाकलेला होता : हिरव्या काचा, बाटल्यांची लेबलं. तीच काच आणि तीच लेबलं चांचारी रस्त्यालगतच्या दुसऱ्या कबरीत प्रेतांसोबत सापडली. म्हणजे कुठून उचलून कुठे आणलं, याचा मागच लागला. काही मृतांच्या मनगटावर हाताच्या हालचालीने चावी बसणारी घड्याळं होती. हात थांबला की असं घड्याळ दीड-एक दिवस चालतं आणि बंद पडतं. त्यातले वार आणि तारीख हत्याकांडाच्या दिवसांशी जुळले. आणि डोळ्यांवर बांधलेल्या पट्ट्या निघाल्या, 448. हे सगळे लढताना मेले, असा दावा केला जात होता. लढाईत मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी नसते.

चौकशी नाकारली की काय होतं, हे रशियातल्या कातीनमध्ये दिसलं. 13 एप्रिल 1943 रोजी जर्मनांनी जाहीर केलं की, कातीनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत. लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडे चौकशी मागितली. तेवढ्यावरून स्टालिनने त्या सरकारशी संबंध तोडले आणि रेडक्रॉसला सोव्हिएत संमती मिळालीच नाही. नंतर सोव्हिएतांनी स्वतःचाच आयोग नेमला आणि हे 1941 साली जर्मनांनी केलं, असं ठरवून टाकलं. प्रेतांच्या खिशातल्या डायऱ्या आणि वर्तमानपत्रं मात्र 1940 च्या वसंत ऋतूशीच थांबत होती. मारणारे सोव्हिएतच होते, हे कबूल व्हायला 13 एप्रिल 1990 उजाडावं लागलं, सत्तेचाळीस वर्षं. म्हणून मी 'चौकशी' या शब्दापेक्षा 'स्वतंत्र' या शब्दावर जास्त जोर देतो. ज्याच्यावर संशय आहे त्यानेच तपास करायचा, तर कातीनच होणार.

दुसरी बाजूही बघा. 2003 मध्ये सद्दामची सत्ता पडल्यावर इराकमध्ये हिल्लाजवळ महावीलला लोकांनी स्वतःच जेसीबीसारखी यंत्रं लावून कबर उपसली. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत नाही. बारा वर्षं आपल्या माणसांची वाट पाहिलेले लोक होते ते. पण हाडं एकमेकांत मिसळली आणि कित्येकांची ओळख कायमची हरवली. तेव्हा कबर सापडल्यावर पहिली मागणी खोदण्याची नव्हे, पहाऱ्याची असायला हवी. खोदकाम मागाहून, ब्रशने आणि गवंड्याच्या करणीने, प्रत्येक हाड कुठल्या थरात कसं पडलं होतं ते नोंदवत.

आणि चौकशीतून दरवेळी गुन्हाच निघेल असंही नाही. श्रीलंकेत मन्नारला 2018 मध्ये तीनशेहून अधिक सांगाडे निघाले. ते यादवी युद्धातले असावेत असा संशय होता, पण अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने मोजक्या नमुन्यांवरून काळ सांगितला तो पंधराव्या ते सतराव्या शतकातला. बेपत्ता तमिळांच्या नातेवाइकांचं त्याने समाधान झालं नाही, आणि इतक्या थोड्या नमुन्यांवर ते होणारही नव्हतं.

'आता फार उशीर झाला' हे कारण मला पटत नाही. बोस्नियातच प्रियेडोरजवळ टोमाशित्सा इथली कबर 2013 मध्ये उघडली, हत्यांनंतर एकवीस वर्षांनी. चारशेहून जास्त माणसं होती, आणि चिकणमातीमुळे देह बऱ्याच अंशी टिकलेले. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बोस्नियन सर्ब सैन्याचा सेनापती म्लादिच याच्यावर खटला चालू होता. अभियोग पक्षाचे पुरावे सादर करून संपले होते, तरी न्यायालयाने या कबरीसाठी त्यांना पुन्हा बाजू मांडू दिली. 2017 मध्ये त्याला जन्मठेप झाली.